पाचव्या खांबापर्यंत

मित्रांनो, मी सायकलच्या मागे बसणारा एक जुना लाल दिवा आहे. माझं तोंड कायम मागे, त्यामुळे कुठे चाललोय ते मला कधी कळलं नाही.

मिरजेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शमशेरभाईंनी मला १९९२ साली बनवलं. साबणाची प्लॅस्टिकची डबी, दोन सेल आणि पाच लाल एलईडी, एवढीच माझी इस्टेट. तरी वस्तीतली माणसं मला बघायला आली आणि मी चांगलाच फुशारलो. मिरजेबाहेरच्या खेड्यात राहणाऱ्या मिलिंदने मला आपल्या सायकलच्या कॅरिअरखाली बसवलं. तो मिरजेच्या एका दवाखान्यात सफाईला होता आणि पहाटे पाचला घर सोडायचा.

पाच वर्षांत माझी डबी उन्हाने पिवळी पडली. एलईडी तर मुळातच मिणमिणते. एका संध्याकाळी मिलिंद वडिलांना म्हणाला, "आबा, दिवा लय मंद वाटतोय. शमशेरभाईंकडं न्यावा म्हनतो."

त्याचे वडील धोंडीबा शेजारीच खाटेवर बसले होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. "लाल दिसतंय न्हवं? मग बास की," ते म्हणाले. विषय तिथेच मिटला.

पुढच्याच महिन्यात दाट धुक्यात उसाच्या ट्रकने मागून धडक दिली आणि मिलिंद गेला. ड्रायव्हर म्हणाला, दिवा दिसलाच नाही. पोलिसांनी पाहिलं तर मी लागलेलाच होतो. मला रडू आलं असं आता सांगायला हवं, पण आलं नाही. आतून बधिर झालो होतो. घरही तसंच झालं. मिलिंदची बायको आम्रपाली भाकरी करायची, धोंडीबा खायचे, कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

दोन महिन्यांनी दवाखान्याने मिलिंदच्या जागेवर आम्रपालीला बोलावलं. सोमवारी पहाटे हजर व्हायचं होतं. त्या वेळेला एसटी नव्हती.

"त्या रस्त्यानं सायकलीवर जायाचं न्हाई," धोंडीबा म्हणाले.

"आवं मामा, मग ही जागा बी जाईल," असं म्हणून तिने मला पिशवीत टाकलं आणि मिरज गाठली.

शमशेरभाईंनी माझे पाचही जुने एलईडी काढले आणि डाख देऊन नवे जोडले. नवे काचेसारखे बिनरंगी होते. हे कसले लाल दिवे, असं मला वाटलं, पण सेल घातल्यावर असे लाल पेटले की समोरची भिंत उजळली. डबीलाही त्यांनी नवं झाकण बसवलं.

"ताई, ह्यांचा उजेड सरळ जातो," ते म्हणाले. "दिवा जरा झुकला तर सगळा उजेड डांबरावर पडतो. घरी गेल्यावर लांबनं बघून घ्या."

शनिवारी अंधार पडल्यावर आम्रपालीने मला दुरुस्त करून आणलेल्या सायकलच्या कॅरिअरखाली पुन्हा बसवलं आणि ती रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभी राहिली. "मामा, विजेच्या खांबाखांबानं मागं जावा. कुठवर दिसतंय सांगा."

धोंडीबा चालू लागले. दुसऱ्या खांबाशी ते "दिसतंय" म्हणाले. तिसऱ्याशी मी त्यांना दिसेनासा झालो. आम्रपालीने मला धरणारी लोखंडी पट्टी वाकवून मला बोटभर वर उचललं. मग चौथा खांब झाला, पाचवा झाला, तरी मी दिसत होतो. धोंडीबा मात्र परत येईनात. ती सायकल घेऊन तिथे गेली, तर ते खांबाला टेकून खाली बसलेले.

"जुना दोन खांब बी दिसत नसंल," ते म्हणाले. "आन मी खाटंवर बसून बास म्हनलो."

आम्रपालीने सायकल स्टँडवर लावली.

"मी बी तिथंच भाकरी थापत होते, मामा," आम्रपाली म्हणाली. "मी बी काय बोलले न्हाई."

त्या रस्त्यावर पहिल्यांदाच दोघं एकमेकांसमोर रडली. थोड्या वेळाने धोंडीबांनी सायकलचं हँडल स्वतःच्या हातात घेतलं. "सोमवारी जा. रोज मी हितं मागं हुबा ऱ्हाऊन बघत जाईन," ते म्हणाले.

मित्रांनो, सायकल चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी लांब जाऊन बघावा लागतो. तुमच्या घरातलं कुणी अंधारात बाहेर पडत असेल, तर एकदा त्याच्या मागे तेवढं चालत जा.