उशिरा आलेला पेसाह

औरंगपुऱ्यातलं ते घर आता राहिलं नाही. त्या जागी दुकानांची इमारत उभी आहे आणि खाली मोबाईलच्या काचा बदलून मिळतात. पण तेव्हा शाळेत जाणाऱ्या ज्या मुली आता आज्या-पणज्या झाल्यात, त्यांना विचारून बघा. हन्नाबाई वाक्रुळकर म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. मराठी शाळेतल्या बाई, नऊवारीतल्या, कोकणी हेल काढून बोलणाऱ्या आणि शनिवारी चूल न पेटवणाऱ्या.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता गेली, गावात नव्या मराठी शाळा निघाल्या आणि शिकवायला माणसं मिळेनात. त्या धांदलीत हन्नाबाई आणि त्यांचे मालक हसकेल अलिबागकडून इथं आले. हसकेल बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. दोघं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या माहितीत अख्ख्या औरंगाबादेत त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. त्यांची मशीद थेट मुंबईत, मांडवीला. प्रार्थनाघराला ते लोक मशीदच म्हणत. त्यामुळं गल्लीतल्यांना आधी वाटलं, बाई मुसलमान असाव्यात. मग त्यांच्या हातची अळूवडी खाल्ली आणि लोकांनी डोकं खाजवणं सोडून दिलं.

हसकेलना एक खोड होती. जेवताना ते हिब्रू शब्द सोलत बसायचे, लसूण सोलावा तसे.

"होदेश म्हणजे महिना म्हणतात," घास हातातच ठेवून ते सुरू करायचे, "पण मुळात अर्थ काय, तर नवं. चंद्राची नवी कोर. आता पेसाहचा सण कुठल्या महिन्यात? अबीबात. आणि अबीब हे मुळात नावच नाही गं. जवाचं कणीस भरलंय, दाणा अजून ओला आहे, विस्तवावर भाजून खाता येतो, त्या अवस्थेला अबीब म्हणतात. हुरडा म्हण ना."

"आमटी गार होतेय."

"होऊ दे. तिकडं यरुशलेमेत माणसं शेतात पाठवायचे, जव हुरड्याला आला का बघायला. नसेल आला तर त्या वर्षात आणखी एक महिना घालायचे, इथल्या धोंड्यासारखा. तारीख चंद्रानं सांगायची आणि महिना शेतानं. मग ओमेर. ओमेर म्हणजे पेंढी. पहिली पेंढी देवापुढं ठेवायची आणि तिथून सात आठवडे मोजायचे की आला शाबुओत. त्याचा अर्थ काय, तर नुसतं 'आठवडे'. बोटांवर मोजणाऱ्या कुणब्यांची भाषा आहे ही हन्ना, आपण उगाच पोथीत घालून ठेवली."

"आणि इथला जव तर थंडी सरते न सरते तोच भाजायला येतो," हन्नाबाई म्हणायच्या. "मग काय करायचं?"

"इथलं शेत घाई करतं. म्हणून तर मुंबईहून पंचांग मागवायचं," असं म्हणून ते हसायचे आणि गार आमटी ओरपायचे. बाईंना तेव्हा या सगळ्याचा कंटाळा यायचा. पुढं त्याच बडबडीसाठी कान किती तरसतील, हे त्यांना कुठं ठाऊक होतं.

हसकेल ऐन पावसाळ्यात गेले. त्या वर्षी भादव्यात धोंड्याचा महिना पडला होता, त्यातच. ताप आला आणि आठ दिवसांत माणूस संपला. मुंबईहून थोरले दीर आले, शालोमभाऊजी. दिवस झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"इथं एकटीनं काय करणार तू? सण कधी आहे ते सांगायला माणूस नाही. मुंबईला चल. चार आपली माणसं आहेत."

हन्नाबाईंना शाळा सोडायची नव्हती, घर सोडायचं नव्हतं, आणि हसकेल ज्या कोनाड्यात चष्मा ठेवायचे तो कोनाडाही सोडायचा नव्हता. पण हे थोरल्या दिरापुढं कसं बोलणार? त्या म्हणाल्या, "भाऊजी, सण मी पाळीन. एक जरी चुकला तर आपल्या पायांनी मुंबईला येईन."

"बघू," शालोमभाऊजी म्हणाले.

बोलून तर बसल्या, पण तिथीचं खातं आयुष्यभर मालकांकडे. मुंबईचं पंचांग दरवर्षी भाऊजीच धाडायचे. यंदा ते आलंच नाही. "सणाला इकडेच ये" असा निरोप तेवढा आला. पंचांग मागवावं, तर आपल्याला काही कळत नाही हे आपल्याच तोंडानं कबूल करावं लागणार. बाई मानी होत्या. त्यांनी निरोपाला उत्तर दिलं नाही आणि पंचांगही मागितलं नाही.

आणि अवघड ते काय होतं? लहानपणापासूनचा हिशोब पाठ होता. गाव शिमगा करतं तेव्हा आपला होळीचा सण. खरं नाव पुरीम, पण कोकणात सगळे होळीचा सणच म्हणायचे. तिथून एक महिना ओलांडला, चैत्री पुनव आली, की पेसाह, गुलामीतून सुटल्याचा सण. आंबवणाचं मडकं झाकून ठेवायचं, घरात खमीर म्हणून ठेवायचं नाही, बिनखमिराची भाकर खायची.

शिमग्याला त्यांनी रीतीप्रमाणं पुरणपोळ्या केल्या. एकटीच्या जिवाला किती लागतात, पण जास्तच केल्या. हर्सूलहून दूध घेऊन येणाऱ्या चतुराबाईच्या पदरात चार बांधून दिल्या. चतुराबाईची लेक बाईंच्या वर्गात होती. मालक गेल्यापासून दुधाचं माप झालं तरी चतुराबाई पायरीवर घटकाभर टेकायची. काही विशेष बोलायची नाही. नुसती बसायची, आणि बाईंना तेवढ्यानं बरं वाटायचं.

मग महिनाभर बाईंनी घर खरवडून काढलं. भांडी उकळली, नवी मडकी आणली, गहू स्वतः निवडून कोरड्या जात्यावर दळले. काम करता करता आपल्याच नादात पुटपुटायच्या, अबीब, ओमेर, शाबुओत. मालकांनी कधी मुद्दाम शिकवलं नव्हतं, तरी सगळं आत जाऊन बसलेलं होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना घरात एकटं वाटेनासं झालं.

चैत्री पुनवेच्या संध्याकाळी त्या भाकरी लाटत होत्या. पीठ भिजवलं की लगेच तव्यावर, थांबायचं नाही. चतुराबाई पायरीवर बसून बघत होती. तेवढ्यात दारात टांगा थांबला. शालोमभाऊजी उतरले, मनमाडच्या गाडीची धूळ अजून टोपीवर होती. त्यांनी नवी मडकी पाहिली, तवा पाहिला.

"हे काय चाललंय?"

"पेसाह, भाऊजी. बरे वेळेवर आलात."

शालोमभाऊजी भिंतीला टेकून खालीच बसले.

"हन्ना, पेसाह झाला. शिमग्याच्या पुनवेलाच झाला. मागल्या वर्षी इकडं धोंडा पडला ना, म्हणून गावाचा शिमगा महिनाभर पुढं सरकला. आपला वाढीव महिना अजून यायचाय, पुढल्या वर्षी. आपला होळीचा सण तर शिमग्याच्या एक महिना आधीच होऊन गेला."

हन्नाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. म्हणजे त्या रात्री, बरोबर त्याच रात्री, आपण भिजवून मुरवलेल्या कणकेची पुरणपोळी खाल्ली. तूप घालून खाल्ली. ज्या महिन्यात मालक गेले, त्याच महिन्यानं आपल्याला फसवलं, आणि आपण इथं ऐटीत शब्द पुटपुटत बसलो. त्यांना हसकेलचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग डोळे भरून आले. तव्यावरची भाकर करपायला लागली ते चतुराबाईनं हाक मारून सांगितलं.

"तूच म्हणाली होतीस," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

"म्हणाले होते."

"मग बांधाबांध कर. शाळेला सुट्ट्या लागतातच आहेत."

बाईंनी मान हलवली. शब्द दिलेला होता, त्यात रडगाणं काय गायचं. कोनाड्याकडं मात्र त्यांनी बघितलं नाही.

चतुराबाईला निम्मं कळलं, निम्मं नाही. पण बाई चालल्या एवढं कळलं. ती पायरीवरूनच म्हणाली, "मी मधी बोलते, रागावू नका दादा. आमच्यात कुणी मेलं की सुतकात सण राहून जातो. लांब गावाला अडकलं तरी राहतो. मग मागून येगळा दिस धरून देवाला निवद दावतो. देव काय दार लावून बसत नाय. तुमच्यात तसं नाय व्हय?"

शालोमभाऊजींनी टोपी काढली. पिशवीतून पंचांग काढून पाहिलं, पुन्हा मिटलं. तोंड उघडावं की नाही, याचा त्यांच्या मनात झगडा चालला होता. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. हन्नाबाई ट्रंक ओढायला उठल्यासुद्धा होत्या.

"बस, हन्ना," ते म्हणाले. "आहे आपल्यात तसं. मोशेच्या वेळी काही माणसं त्याच्याकडं आली. मयताला हात लागला होता त्यांचा, म्हणून पेसाह करता येईना. म्हणाली, आम्ही का वंचित राहावं? तेव्हा देवानं त्यांच्यासाठी दुसरी तिथी दिली, बरोबर एक महिन्यानं, चौदाव्या दिवशी. ज्याला मयताचं सुतक आहे त्याला, आणि जो दरेख रेहोकावर आहे त्याला. दरेख रेहोका म्हणजे लांबची वाट, तुझ्यासारखी. आता यरुशलेमचं मंदिर नाही, बळीचं कोकरू नाही, त्यामुळं त्या दिवशी नुसती बिनखमिराची भाकर खायची रीत उरलीय."

"आणि ती तिथी?"

"आजची."

"हे तुम्हाला ठाऊक होतं, भाऊजी. बोलला नसतात तर मी उद्या तुमच्याबरोबर गाडीत बसले असते."

"म्हणून तर तोंड उघडवत नव्हतं," भाऊजी म्हणाले. "पंचांगही यंदा मुद्दामच धाडलं नाही मी. म्हटलं, चुकशील, मग येशील. माझा थोरला लेक इस्राएलला गेला, मागोमाग धाकटाही गेला. शिमग्याच्या पुनवेला ताट वाढून मी एकटा बसलो होतो, समोर कुणी नाही. तुझ्यासाठी म्हणून आलो नव्हतो गं. माझ्यासाठी आलो होतो."

चतुराबाई दुधाची चरवी उचलून गुपचूप निघून गेली.

हन्नाबाईंना वाटलं, आता आपणच म्हणावं, चला, येते मुंबईला. शब्द ओठांवर आलाही. पण ज्या माणसानं आपलं नुकसान करून खरं सांगितलं, त्याला दयेपोटी दिलेलं उत्तर कसं पुरणार? त्यांनी दोन पाट मांडले. "दर पेसाहला या भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि सुट्टीत मी येईन तिकडं. पण राहीन इथंच."

भाऊजींनी मान डोलावली. भाकर हातात घेतली, भाकरीवरचा आशीर्वाद म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. घरातल्या पुरुषानं म्हणायचा तो आशीर्वाद हन्नाबाईंनी जन्मभर फक्त ऐकला होता. त्यांनी दिराच्या हातातली भाकर घेतली, दोन तुकडे केले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतः म्हटला.

शालोमभाऊजींनी डोळे मिटले आणि 'आमेन' म्हटलं.