न दिलेली हाक

त्या बंदरात पाहुण्यांना समुद्र दाखवणाऱ्या बोटी नऊ आणि नऊ बोटींचा कायदा एकच. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने हाक द्यायची. डॉल्फिन दिसोत, सील दिसोत, नाहीतर नशीब फळफळून देवमासा दिसो, वायरलेसवर जागा सांगायची आणि बाकीच्या आठांनी बोटी तिकडे वळवायच्या. एकाचे प्रवासी टाळ्या वाजवत उतरले आणि दुसऱ्याचे पैसे परत मागत उतरले, असं होऊ नये म्हणून. कायदा चांगलाच होता, वाईट कोण म्हणतंय? तो केला होता कप्तानीणबाईच्या नवऱ्याने, धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत टेबलावर मूठ आपटून. तो जाऊन आता सहा वर्षं झाली.

कप्तानीण हे नाव धक्क्याने तिला थट्टेने दिलेलं. नवरा गेल्यावर बाई बोट विकणार, असं धरून चार जण आधीच भाव लावून बसले होते. बाईने परवाना काढला, इंजिन खोलून पुन्हा जोडायला शिकली आणि पहिल्याच सीझनला भर लाटांत बोट धक्क्याला अशी अलगद लावली, की भाव लावणाऱ्यांची तोंडं एवढीशी झाली. नाव तेच राहिलं, थट्टा तेवढी गळून पडली.

तर ही कप्तानीण मंगळवारी सकाळी सहा प्रवासी घेऊन जोडखडकाच्या मागे गेली. तिथे फारसं कुणी जात नाही. पाण्याखाली खडकांचे दात लपलेले, बोटीचा तळ फाटायला वेळ लागत नाही. पण पाणकावळ्यांची घरटी तिथेच, म्हणून ती जायची. लेक मागच्या बाजूला पाठमोरी बसून एका आजींच्या अंगावरचं जॅकेट बांधत होती. तेवढ्यात कप्तानिणीला पाण्यावर एक काळी पाठ दिसली. लांबलचक, संथ. आणि तिच्या कुशीला चिकटून आणखी एक, लहानशी.

देवमाशाची मादी आणि पिल्लू. पिल्लू इतकं नवं, की त्याच्या अंगावर अजून घड्या होत्या.

तिचा हात सवयीने वायरलेसकडे गेला. गेला आणि तिथेच थांबला. मग तिने वेग कमी केला आणि बोट हळूच खडकाच्या अलीकडे फिरवली.

"तिकडे पाणी उडालं का हो?" एका प्रवाशाने विचारलं. गळ्यात हा एवढा मोठा कॅमेरा.

"लाट फुटली खडकावर," कप्तानीण म्हणाली. "इकडे बघा, इकडे. पाणकावळा पिल्लांना भरवतोय."

लेकीने मान वळवली. तिलाही दिसलं. तिने आईकडे पाहिलं, आईने समोर पाहिलं.

धक्क्यावर शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत लेकीने धीर धरला. मग मात्र तिचा तोल गेला.

"आई, तू हाक दिली नाहीस!"

"नाही दिली."

"अगं, पण का? सीझनची काय दशा आहे बघतेस ना? महिनाभर धुकं. भोंगाकाकांच्या बोटीत काल दोन माणसं होती, दोन! देवमासा आहे कळलं तर गाड्या भरभरून येतील लोक."

"म्हणूनच नाही दिली."

आता हे 'म्हणूनच' काय, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक मादी पिल्लू घेऊन आली होती. तेव्हा हाक कुणी दिली? कप्तानिणीनेच. अगदी हौसेने, घसा फाडून. नऊच्या नऊ बोटी धावल्या. ठरलं होतं, शंभर हात लांब राहायचं. मग कुणाच्या तरी प्रवाशाला नीट दिसेना, म्हणून पन्नास झाले. मग पन्नासाचे वीस. बोटींचं कडं पडलं. मादी खाली गेली ती कड्याबाहेर वर आली, आणि पिल्लू आतच राहिलं. इंजिनांच्या त्या गोंगाटात त्याला आई कुठून ऐकू येणार? तिसऱ्या दिवशी ते वाळूवर येऊन पडलं. आणि लाज वाटते सांगायला, त्या दिवशी धक्क्यावर सीझनमधली सगळ्यात जास्त गर्दी होती. लोक मेलेल्या पिल्लाबरोबर फोटो काढत होते. कप्तानीण त्या दिवसानंतर महिनाभर नीट जेवली नाही. ते कुणालाच माहीत नव्हतं, लेकीलाही नाही.

"आठ-दहा दिवस," ती आता लेकीला म्हणाली. "पिल्लाच्या अंगात बळ आलं की जातील दोघं. तेवढे दिवस गप्प बस."

"आणि तोवर कुणाला कळलं तर? नंबर जाईल, आई. आणि तो तुझा नाही जाणार. माझा जाणार."

हाक दडपणाऱ्याचा नंबर काढतात, आणि धक्क्यावरचा त्यांचा चार नंबर पुढच्या महिन्यात लेकीच्या नावावर व्हायचा होता. पोरीने बोट चालवण्याची परीक्षा नुकतीच दिलेली, पहिल्या झटक्यात पास झालेली. नंबर असला तरच खिडकीवर तुमच्या बोटीचं तिकीट फाटतं. नंबर नाही म्हणजे प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत तर बोट म्हणजे नुसतं रंगवलेलं लाकूड. हे कप्तानिणीला काय ठाऊक नव्हतं?

तीन दिवस मायलेकी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. दोर दे, दोर घे. चहात साखर आहे का, आहे. बस्स.

लपवायचं म्हटलं की नेमकं ते बाहेर येतं. शुक्रवारी दुपारी तो कॅमेरावाला तिकीट खिडकीवर हजर. त्याने म्हणे मुक्कामाच्या खोलीवर फोटो मोठा करून पाहिला होता. लाट नव्हती ती, चक्क देवमाशाचा फवारा होता, आणि शेजारी लहान फवारा! "गाडी सुटायच्या आत याच बोटीने पुन्हा न्या की हो," असं तो अजिजीने सांगत होता. जागा कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "समुद्रात." फोटोतही पाणी आणि आभाळ यापलीकडे काही नव्हतं. त्याची गाडी चारची होती. फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर देऊन तो निघून गेला, आणि पाच वाजता पत्र्याच्या खोलीत बैठक बसली.

खोली ती केवढी! एक टेबल, दोन बाकं, खिळ्यांवर टांगलेली जॅकेटं, आणि आत आठ बोटवाले घामाघूम. टेबलामागे भावोजी, म्हणजे कप्तानिणीचा दीर. बोटवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष तोच.

"वहिनी," तो म्हणाला, "सरळ विचारतो. पाहिलंत?"

"पाहिलं."

"मंगळवारी?"

"मंगळवारी, बुधवारी आणि काल. आज गेले नाही, धुकं होतं."

खोलीत एकच कालवा झाला. तिने कानावर हात ठेवले असते तर त्यांना एक वेळ चाललं असतं. हे असं तोंडावर कबूल करणं म्हणजे जखमेवर मीठ. सगळ्यात वरचा आवाज भोंग्याचा. त्याला भोंगा उगीच म्हणत नसत.

"आम्ही इथे माश्या मारत बसलोय आणि बाई देवमासा पदराखाली झाकून फिरतेय! आमच्या पोटावर पाय देऊन!"

"मी एकालाही दाखवला नाही," कप्तानीण म्हणाली. "एकाही प्रवाशाला नाही. तुमच्याएवढंच नुकसान माझंही झालंय."

"मग हा शहाणपणा कशासाठी?"

"दोन वर्षांपूर्वीचं पिल्लू आठवतं?"

भोंग्याने मान फिरवली. आठवत सगळ्यांनाच होतं.

"तेव्हा सगळ्यात पुढे कुणाची बोट होती?" ती म्हणाली. "माझी. मी काही तुम्हाला दोष देत नाही. नऊ जणांनी मिळून मारलं ते, आणि बोलावलं मी. पुन्हा नाही बोलावणार. मला आठ दिवस द्या. मग खुल्या समुद्रात जातील, तेव्हा लांबून खुशाल बघा."

"आठ दिवसांत सीझन संपतो," कुणीतरी म्हणालं. ते खरंच होतं. उगाच कुणाला राक्षस ठरवायला नको. त्या बाकांवर बसलेल्यांच्या घरी चुली होत्या.

भावोजी पुढे झुकला. आवाज खाली आणला. "वहिनी, हा कायदा माझ्या भावाने केला. तुमच्या नवऱ्याने. त्याच्या शब्दाची तरी चाड ठेवा. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात."

"वैर नको म्हणूनच तर गप्प बसलेय, भावोजी."

दोघातिघांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. भावोजीला मात्र हसू आलं नाही.

"जागा सांगा, विषय संपला. नाहीतर नंबर काढावा लागेल. मला आवडत नाही, पण काढेन."

नंबर आपला नाही, पोरीचा, हे कप्तानीण एक क्षणही विसरली नव्हती. दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडे बघायची तिची छाती झाली नाही. पण शेंडी तुटो की पारंबी तुटो, ते घड्या पडलेलं अंग तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"काढा," ती म्हणाली.

मग भावोजीने ते केलं जे तिने कधी कल्पिलंही नव्हतं. तो लेकीकडे वळला.

"पोरी, तूही होतीस बोटीवर. आईचं डोकं फिरलंय, तुझं तरी ठिकाणावर आहे. तू जागा सांग. चार नंबर आत्ता, या घटकेला तुझ्या नावावर करतो. पुढच्या महिन्याचीही वाट नको."

"लिहून देता, काका?" लेक म्हणाली.

कप्तानिणीला वाटलं, बाकाखालची जमीनच सरकली. पण पोरीवर राग येईना. काय चुकलं तिचं? तेवीस वर्षांची पोर, रात्रीचा दिवस करून परीक्षा दिलेली. तिने का म्हणून आईच्या पापाचं प्रायश्चित्त घ्यावं? सांगू दे, तिने मनात म्हटलं, आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

भावोजीने कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला. लेकीने तो उचलून शेवटपर्यंत वाचला. घाई नाही, गडबड नाही. मग काकापुढे परत ठेवला.

"कायदा काय म्हणतो, काका? ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने हाक द्यायची. बरोबर?"

"बरोबर."

"पहिल्यांदा मला दिसलं. आई चाकावर होती, तिचं लक्ष प्रवाशांकडे. मीच तिला म्हटलं, हाक देऊ नकोस. तिने वायरलेसकडे हात नेला, तो मी धरला. तेव्हा गुन्हा तिचा नाही, माझा. काढा माझा नंबर. आणि जागा मी सांगत नाही."

कप्तानिणीने डोळे उघडले. इतकं धडधडीत खोटं पोरगी जन्मात पहिल्यांदाच बोलली होती, आणि पापणीही लवली नव्हती.

"अगं ए!" भोंगा ओरडला. "उपाशी मराल दोघी!"

"तुमच्या बोटीसमोर येऊन मरू, काका, म्हणजे तुम्हाला प्रवाशांना दाखवायला काहीतरी होईल."

यावर भोंग्यालाही शब्द सुचेना, आणि हे त्या बंदरात पूर्वी कधी घडलं नव्हतं. भावोजीने कागद घेतला, फाडला आणि वहीतल्या चार नंबरवर रेघ ओढली.

बाहेर येऊन मायलेकी बोटीकडे चालू लागल्या.

"खोटं बोलायला कुठे शिकलीस गं?" आईने विचारलं.

"चार दिवस कुणाबरोबर फिरतेय मी? लाट फुटली म्हणे खडकावर!"

कप्तानीण हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. लेकीने तिला रडू दिलं. मग दोघींनी मिळून बोट सोडली आणि मासळीच्या धक्क्याला, बर्फाच्या गाड्यांच्या मागे नेऊन बांधली. तिथे कुणाला नंबर लागत नाही. वास मात्र असा, की नाकातले केस जळावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पिल्लाची खबर घ्यायला निघाल्या, प्रवाशांविना. बंदराच्या तोंडाशी पोचतात तो मागे इंजिनांचा आवाज. आठ बोटी! एकामागे एक, रांगेत, प्रवाशांसकट. जागा सांगत नाहीत ना, मग पाठलाग करू, असं रात्रीत ठरलेलं. सगळ्यात पुढे भोंगा, दुर्बीण लावून.

कप्तानिणीने लेकीकडे पाहिलं. जोडखडक डावीकडे. लेकीने चाकावरून आईचा हात बाजूला केला, "सरक," म्हणाली, आणि चाक उजवीकडे फिरवलं.

त्या दिवशी आठ बोटी तिच्या मागे दीपगृहापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी खाडीत, तिसऱ्या दिवशी सीलच्या बेटावर. ती थांबली की त्या थांबायच्या, ती वळली की वळायच्या. मधेच डॉल्फिन दिसले, तर लेकीने रीतसर वायरलेसवर हाक दिली, जागेसकट. कायदा म्हणजे कायदा. घरात साठवलेले पैसे डिझेलमध्ये गेले. असे आठ दिवस त्या पोरीने आठही बोटींना सबंध समुद्र फिरवून दाखवला, एक जोडखडक सोडून.