पहिल्या प्रतीची जमीन

माती तपासायचं गिरमीट मीटरभर खाली गेलं तरी राखाडी डाग दिसेनात, तशी वार्सिनीने दातओठ खाल्ले. पाणी साचणाऱ्या जमिनीत तसे डाग पडतात. तिने माती भिजवून तळहातावर वळून पाहिली. सोयाबीनसाठी याहून चांगली जमीन तिला अख्ख्या तालुक्यात सापडली नव्हती.

मग तीस वर्षांपूर्वी याच तुकड्यात आईचं पीक कुजलं कसं? शेतातलं पाणी बाहेर नेणारा पाट कुणीतरी बुजवला म्हणून. आणि पाटावर हुकूम चालायचा तो गावप्रमुख सुगेंगचा, ज्याला सगळे मानाने 'बापाक' म्हणत.

नवऱ्यामागे एकटी पडलेली आई, रुकिनेम, तेव्हा त्याच्या ओसरीवर गेली होती. ही जमीन सोयाबीनची नाही, असं सांगून त्याने हा तुकडा स्वतःकडे घेतला आणि उपकार केल्यासारखा टेकडीचा खडकाळ उतार तिच्या गळ्यात मारला. वर समोर चहा ठेवला, पण 'घ्या' म्हणाला नाही. जावा बेटावरच्या कुठल्याही घरात यजमानाने म्हटल्याशिवाय पाहुणा पेल्याला हात लावत नाही. चहा गार झाला, आई अंगठा देऊन उठली. उतारावर दाणे भरेनात, तेव्हा गाव म्हणालं, रुकिनेमच्या हाताला यश नाही. तिने तेही मानलं. मग बोटीतून येणारं परदेशी सोयाबीन विकत घ्यायचं, शिजवून केळीच्या पानात बांधायचं, आंबवून त्याचे टेंपे करायचे आणि विकायचे, यातच तिचा जन्म गेला. बोट लांबली की चूल थंड.

आता आपलं सोयाबीन आपल्याच मातीत पिकवायचं म्हणून सरकारने जमिनी तपासायला काढल्या होत्या. वार्सिनीने हे गाव मुद्दाम मागून घेतलं होतं. सुगेंगच्या तुकड्यावर 'अयोग्य' लिहायचं, बियाण्याचा एक दाणा त्याला मिळू द्यायचा नाही. खोटं तर खोटं.

सत्तरी उलटलेल्या सुगेंगने तिला ओळखलं नाही. ओसरीवर बसवून त्याने चहा मागवला, घ्या म्हणाला, आणि हळूच मुद्द्यावर आला.

"बाई, तेवढं अयोग्य लिहा. माती विकायचं वीटभट्टीवाल्याशी बोलणं झालंय. शेतीला चांगली ठरली तर सरकार कुदळ लावू देणार नाही."

वार्सिनीला हसू फुटलं. सूड घ्यायला नुसतं खरं लिहायचं होतं. तिने 'प्रत पहिली' असं लिहून कागद त्याच्यापुढे फिरवला. त्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा चहाचा आग्रह केला.

"ही जमीन सोयाबीनची आहे, बापाक. तेव्हाही होती. मी रुकिनेमची मुलगी."

त्याने पेला तिच्याकडे सरकवला. मग खाली बघत पुटपुटला, "चहा घ्या."

पेला होता तसा ठेवून ती उठली. जमीन त्याचीच राहणार, हे तिला ठाऊक होतं. तरी वाटभर तिच्या जिवाला गार वाटत होतं.

आई ओट्यावर टेंपे बांधत होती. तिने आधी विचारलं, "चहा घ्या म्हणाला का?"

"तीनदा."

"मग?"

"तसाच टाकून आले."

"बरं केलंस," आई म्हणाली आणि पोरीसारखी हसली.

वार्सिनीने रुमालातली माती तिच्या हातावर ठेवली, डागांचं आणि पाटाचं सगळं सांगितलं. आईने माती चोळून पाहिली, हुंगली.

"म्हणजे हात वाईट नव्हता माझा," ती म्हणाली.

मग तिने पुढचं पान ओढलं. एका हाताने गाठ बसेना. पण मातीची मूठ तिने उघडली नाही.