कोल्ह्याचे खाणे

शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५, सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. सापळ्यात काल ठेवलेले कोंबडीचे तुकडे सहा. आज उरलेले सहा.

आखातातल्या अल खोरजवळच्या या मळ्यावर पंप आणि कूलर यांची देखभाल माझ्याकडे आहे. माझा डिप्लोमा यंत्र अभियांत्रिकीचा. कोल्ह्यांशी त्याचा संबंध नाही. परंतु ससाण्यांच्या सरावासाठी पाळलेली नऊ कबुतरे ऑगस्टमध्ये कोल्ह्याने नेली, आणि मालकांचा निरोप आला : रविवारपर्यंत कोल्हा सापडला नाही, तर राखणदार संपतला गावी परत पाठवावे. येथे नोंदी ठेवणारा मी एकटाच, म्हणून पिंजऱ्याचा सापळाही माझ्याकडेच आला.

ससाण्यांना शिकारीसाठी तयार करणारा शफीक सापळ्यात डोकावून हसला. "मास्टरजी, लोमड़ी ने रोज़ा रखा है क्या? मेरे उस्ताद कहते थे, जो वो खाती है वही रखो."

तो काय खातो, हेच तर कळत नव्हते. आठ दिवसांत एकही कबुतर गेले नव्हते, कोंबडीला तोंड लागले नव्हते, आणि पावलांचे ठसे मात्र रोज ताजे. कुंपणालगतची विष्ठा मी काडीने उकलून पाहिली. खजुराच्या बिया, भुंग्यांचे पंख, आणि उडदाची काळी साले. वाळवंटातल्या कोल्ह्याला उडीद कोठून मिळावा?

मी ठशांमागे चालत गेलो. ते पाण्याच्या टाकीमागे, बोरीच्या झाडाखाली थांबले. तेथे चाटूनपुसून स्वच्छ झालेली एक कागदी पत्रावळ होती आणि संपत ती उचलत होता.

"वडलांचं पान हाय, काका," तो म्हणाला. "मागल्या आठवड्यात गुरुवारी त्यांची तिथ होती. कावळ्यासाठी ठेवलं, सकाळी बघतो तर साफ. म्हटलं, भूक राहिली असंल. तवापासून रोज ठेवतो. वड्याला उडीद नजम्याच्या बाजारातनं आणवला."

"रोज साफ होते?"

"रोज. चौदा वरसं हितं काढली, काका. त्यांच्या शेवटालाबी पोचलो न्हाई. माझ्या हातचं कधी जेवलं न्हाईत. आता जेवत्यात, तर हात आखडता कसा घ्यायचा?"

पान कोण साफ करते, हे ठशांवरून उघड होते. ते त्याला सांगितले तर वडील जातात. गप्प राहिलो तर नोकरी जाते. शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे खायला म्हणून एक वडा मागितला.

"साखर वाढलीय न्हवं तुमची," असे म्हणत त्याने दोन दिले.

सापळा मी टाकीच्या अलीकडे, ठशांच्या वाटेवर हलवला आणि आत कोंबडीऐवजी वडे ठेवले.

रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. सकाळी सापळ्यात कोल्हा बसला होता; बारीक, मोठ्या कानांचा, मिशांना वड्याचा चुरा लागलेला. शफीकने पिंजरा पिकअपमध्ये चढवला. लांब नेऊन सोडतो म्हणाला. मालकांना फोटो पाठवला. "खलास, संपत राहू दे," असे उत्तर आले.

मी ते सांगायला निघालो, तोच संपत टाकीमागून आला. पत्रावळ त्याने दोन्ही हातांत धरली होती.

"काका, मीठ कमी पडलं व्हतं का वो? तुमी खाल्ला की काल."

"वडा चांगला होता," मी म्हणालो.

पानावर ठेवलेले वडे तीन, उरलेले तीन.