वारेचं वजन

ताईला सगळं घर डॉक्टरीणबाई म्हणायचं. मुळात ती थट्टाच होती. दवाखान्यातल्या पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बरण्यांतले अवयव काढायचे, धुवायचे, मोजायचे आणि नोंद करून लॅबच्या डॉक्टर मॅडमपुढे ठेवायचे, एवढंच ताईचं काम. निदान मॅडम करायच्या. पण घरच्यांना हा फरक कुठला कळायला? मामांचा गुडघा, काकूंचं पित्त, शेजारणीच्या सुनेचा खोकला, सगळं ताईकडे यायचं आणि ताई कुणालाही हात हलवत परत पाठवायची नाही. कुणी विचारलं की तिला बरं वाटायचं, हे उगाच कशाला लपवा!

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा ताई डबा खात होती.

"ताई, दोन रेघा आल्या! अगं, पण माझी ती थायरॉइडची गोळी? घेऊ ना रोज?"

"पहिले तीन महिने कसलंच औषध नको," ताई घास गिळत म्हणाली. "बंद कर. पुढचं डॉक्टर सांगतील."

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. धाकटीने गोळ्यांची पट्टी उचलून ठेवली आणि ताईच आहे म्हणून निर्धास्त राहिली. बाराव्या आठवड्यात ती पहिल्यांदा दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर वाढतं, त्याला पोसणारी वारही त्याच दिवसांत मूळ धरते, अशा वेळी गोळी बंद नाही करायची, उलट बहुतेकींना वाढवावी लागते, असं त्यांनी समजावलं. धाकटीने ताईला फोनवर एवढंच सांगितलं, "गोळी पुन्हा सुरू केलीय, डोस वाढवलाय."

"बरं झालं," ताई म्हणाली. तिने पुढे एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

सातव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या ट्रेमध्ये एक बरणी आली. चिठ्ठीवर धाकटीचं नाव. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "दे इकडे, मी करते." ताईने नकारार्थी मान हलवली. आजवर शेकडो जणींची वार तिने हाताळली होती, ही एक टाळून कुठे पळणार होती ती? तिने नाळ कापून बाजूला ठेवली, गुठळ्या धुतल्या, पडदे छाटले आणि वार काट्यावर ठेवली. एकशे नव्वद ग्रॅम. या महिन्याला तीनशेच्या आसपास हवी होती. सुरी फिरवली तर आत जागोजागी पांढुरके, घट्ट डाग. तेवढ्या भागातून बाळाला काहीच मिळालं नव्हतं.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "थायरॉइडचा हात असू शकतो," त्या म्हणाल्या. "पण त्यामुळेच झालं, असं मला लिहिता येणार नाही."

ताईला तेवढ्याने सुटल्यासारखं वाटलं आणि स्वतःचीच शिसारी आली. मग तिने बरणीबरोबर आलेला फॉर्म उलटा करून वाचला. डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'गोळी रुग्णाने आपल्या मनाने बंद केली.'

आपल्या मनाने! विचारणाऱ्याला धाकटीने ताईचं नाव सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी ताई तिच्या घरी गेली. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. सासूबाई टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण दुःखाला कुठेतरी वाट हवी असते.

"एवढीशी गोळी," त्या घडीकडे बघत म्हणाल्या. "तेवढी घ्यायला काय जड झालं होतं, देव जाणे."



"मी सांगितलं होतं बंद करायला," ताई म्हणाली. "तिने विचारलं होतं मला. चूक तिची नाही, माझी आहे."

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग सुनेकडे. टॉवेल तसेच ठेवून त्या सुनेजवळ आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेल्या.

ताई खाली बहिणीशेजारी बसली. "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुझी नोकरी दवाखान्यातली. म्हटलं, उगाच बोभाटा." धाकटीचा आवाज शांत होता, त्यात राग शोधूनही सापडत नव्हता. "आणि वाटलं, तू आपणहून मला फोन करशील. बाराव्या आठवड्यापासून वाट बघत होते."

"मला भीती वाटली गं."

"मलाही वाटत होती. रोज." धाकटीने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं. "ताई, एक सांग. त्या दिवशी तुला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणाली असतीस ना. मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."

ताईने तोंड उघडलं. जगात कुणाच्याही दुखण्यावर तिच्याजवळ काहीतरी सांगायला असायचं. "मला माहीत नव्हतं," ती आज पहिल्यांदा म्हणाली.