मिरचीसाठी इंग्रजी शब्द

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात सुपरवायझरची जागा निघाली आणि मावशींनी अर्ज ठोकून दिला. गुडघे पार कामातून गेले होते. ही खुर्ची मिळाली नाही, तर नोकरीच सोडावी लागणार होती. पण मुलाखत इंग्रजीत! मग सुनेने कंबर कसली. वरचा तो सीनियर, खालचा ज्युनियर, शिकवतो तो मेंटर, बरोबरीचा कलीग आणि आपल्या जागेवर टपलेला तो रायव्हल. मावशी भांडी घासतानासुद्धा घोकत होत्या.

मुलाखत घ्यायला नवे साहेब बसले होते. "सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात," ते म्हणाले, "पण धुलाईतल्या ज्या बाईला सगळे मिरची म्हणतात, तिच्याशी तुमचं सारखं वाजतं म्हणे. ती तुमची कोण? इंग्रजीत सांगा."

मावशींनी पाचही शब्द लावून पाहिले. सीनियर नाही, ज्युनियर नाही, मेंटर तर नाहीच. कलीग? तसा तर गेटवरचा वॉचमनही कलीग. मिरचीसमोर उभं राहून त्यांनी बारा वर्षं चादरींच्या घड्या घातल्या होत्या. मग रायव्हल? छे! डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डबा कुणी आणला? तिनेच, तोही शिव्या घालत.

खड्ड्यात गेलं ते इंग्रजी! मावशींनी टेबलावरचं कापडच ओढलं. "साहेब, धरा ही दोन टोकं."

साहेबांनी निमूटपणे धरली. मावशी पुढे आल्या तर साहेब मागे सरकले. मावशी थांबल्या तर हे पुढे. कापडाचं पार बोचकं झालं.

"बघितलंत? मिरचीशी माझा आठ-आठ दिवस अबोला असतो. तोंड फुगवून उभी असते मेली. पण बारा वर्षांत एक चादर जमिनीला टेकली नाही आमची. याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा."

साहेबांनी डोकं खाजवलं. "मलाही येत नाही," ते हसून म्हणाले. "उद्यापासून खुर्ची तुमची."

मावशी खाली आल्या तेव्हा मिरची चादर कवटाळून उभी होती, कुणाला हात लावू देत नव्हती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"मला काय म्हणालीस गं इंग्रजीत?"

"शब्दच सापडला नाही."

"बारा वर्षांत एक शब्द सापडेना तुला!" मिरची कडाडली, आणि मग चादर चाचपत हळूच म्हणाली, "उद्यापासून माझ्यासमोर कोण?"

"मीच. खुर्ची इथेच आणून टाकते. बसून धरीन."

"बसून धरलीस तर चादर लोळेल," मिरचीने लगेच भांडण उकरलं आणि दोन टोकं पुढे केली.