आठशे अंश दाखवणारी भट्टी

मी एक जुनी विजेची भट्टी आहे आणि माणसांवर माझा फारसा विश्वास नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं तापते आहे. एवढ्या वर्षांत कोणी माझ्यात चोरून पापड भाजले, कोणी मी तापायच्या आधीच वहीत आकडे लिहून मोकळे झाले. माझं दार उघडलं की हात कोणाचा आहे ते मी आधी बघते.

मित्रांनो, यशोधराचाही मला संशयच यायचा. पालेगावची ही मुलगी पीएचडी करत होती. तांबं, क्रोमियम आणि गंधक खलून ती क्वार्ट्झच्या नळीत भरायची, हवा काढून नळीचं तोंड वितळवून बंद करायची आणि मला आठशे अंशांवर आठवडाभर तापवायची. मग हळूहळू निववायची. आतून निघायचे स्फटिकांचे काळे, चकचकीत पापुद्रे. क्ष-किरणांनी तपासल्यावर त्यांची रचना घडीच्या पोळीसारखी निघाली. क्रोमियम आणि गंधकाचे पदर, आणि दोन पदरांमध्ये तांबं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मी मात्र मनात म्हटलं, ही नळी ओढणीत गुंडाळून आणते, म्हणजे नक्की काहीतरी लपवते.

मग बदलापूरच्या एका कॉलेजातल्या संशोधकांनी त्यांच्या नव्या भट्टीत तेच करून पाहिलं. तीनदा नुसती भुकटी निघाली. यशोधराच्या मार्गदर्शक सुनेत्रा मॅडमनी तिला माझ्यासमोरच उभं केलं.

"खरं सांग, हे स्फटिक बाहेरून आणलेस का?"

"नाही मॅडम. इथेच केलेत. वहीत सगळं लिहिलंय."

"वहीत काय, कोणीही लिहितं. सोमवारपर्यंत मला पटवून दे, नाहीतर प्रबंध पुढे पाठवता येणार नाही."

पाच वर्षांची मेहनत होती तिची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मला वाटलं, नाटक असेल.

प्रयोगशाळेतले शिपाई चिंतामणी तिथेच टेबल पुसत होते. या नोकरीआधी ते अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्टीवर होते.

"मॅडम, पोरीला बोलताय, पण भट्टीचा मीटर कोणी चेक केला का? आम्ही मीठ टाकून बघायचो. आठशे एकला मीठ वितळतं, बरोब्बर."

मॅडमनी कपाटातलं शुद्ध मीठ काढून दिलं. चिंतामणींनी ते मुशीत घालून माझ्यात ठेवलं. मी ऐटीत तापू लागले. मीटरवर सातशे पंचावन्न दिसत होतं आणि मुशीत मिठाचं पाणी झालं होतं. मी सेहेचाळीस अंश कमी दाखवत होते, म्हणजे मी आठशे दाखवायचे तेव्हा आत आठशे सेहेचाळीस असायचे.

मॅडमनी सोमवारची मुदत तिथल्या तिथे रद्द केली. पुढे बदलापूरला आठशे सेहेचाळीसवर तापवलं, तेव्हा तेच काळे पापुद्रे निघाले.

चौदा वर्षं मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त स्वतःवर घ्यायचा राहिला. ती ओढणीही नाजूक नळी फुटू नये म्हणूनच होती. मला फार लाज वाटली. मॅडमनी सगळ्यांदेखत यशोधराची माफी मागितली. मला ती मागता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, त्यांचे मीटर वेळच्या वेळी तपासा. आणि एखाद्या मुलीला खोटी ठरवण्याआधी माझ्यासारखीच्या पोटात चिमूटभर मीठ टाकून बघा.